लांब आहे अजून, काढ गाडी!

सकाळचे सव्वानऊ. दहाला मीटिंग. सोसायटीच्या गेटमधून गाडी मेन रोडला काढायची आहे. तुम्ही उजवीकडे बघता. एक बस जाते, दोन रिक्षा जातात, पाठोपाठ चार-पाच अॅक्टिव्हा. मग जरा मोकळं. लांबवर फक्त एक सायकल. शेजारच्या सीटवरून फर्मान सुटतं, ‘‘सायकलच आहे रे, काढ गाडी!’’ तुम्ही काढता. आणि पुढच्या तीन-चार सेकंदांत ती ‘लांब’ असलेली सायकल तुमच्या बॉनेटपाशी करकचून ब्रेक मारून उभी! तो तुमच्याकडे खाऊ की गिळू नजरेनं बघतोय, तुम्ही त्याच्याकडे. दोघांच्या डोक्यात प्रश्न एकच : हा आंधळा आहे का?

उत्तर आहे, नाही. दोघंही नाहीत. तुम्ही सायकल नीट बघितली होती, त्यानंही गाडी बघितली होती. चुकला तो एकच अंदाज. ती सायकल इथवर यायला किती वेळ लागेल, याचा.

मी आठवड्यातले चार दिवस कोथरूडहून शिवाजीनगरला सायकलनं ऑफिसला जाते आणि वीकएंडला घरची गाडी चालवते. त्यामुळे या भांडणात मी दोन्ही पार्ट्यांची मेंबर आहे. सायकलवर असले, की गाडीवाले उद्धट वाटतात. स्टिअरिंगमागे बसले, की सायकलवाले अचानक ‘कुठून तरी’ उगवतात. पण हा नुसता स्वभावाचा किंवा संस्कारांचा मामला नाहीये, बॉस! यामागे आपल्या डोळ्यांचं आणि मेंदूचं एक भन्नाट गणित आहे. जगभरातल्या संशोधकांनी त्यावर बरंच काम केलंय. ते समजून घेतलं, तर रोजची निम्मी भांडणं वाचतील. आणि भांडणापेक्षा मोठं काही तरीही वाचेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. म्हणजे रोज बारा-तेरा जण. कुणी ड्यूटीवर चाललेला वॉचमन, कुणी शाळेतली मुलगी, कुणी आपल्यासारखं ऑफिसला निघालेलं.

सायकल म्हणजे स्लो?

आधी एक साधी टेस्ट. डोळे मिटा आणि ‘सायकलवाला’ म्हणा. काय दिसलं? बहुतेकांना दिसतो काळ्या दांडीच्या सायकलवरचा दूधवाला, पेपरवाला, नाही तर डबा हँडलला लटकवून निवांत चाललेले काका. वेग? ताशी दहा-बारा किलोमीटर, फार तर पंधरा. पुणं सायकलींचं शहर होतं, तेव्हा रस्त्यावर हाच वेग होता आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच फिट बसला.

आज काय सीन आहे? काका अजूनही आहेत, बाराच्या वेगानं. पण त्यांच्याच शेजारून गिअरची हायब्रिड घेतलेला आयटीवाला पंचवीसनं जातो. रोड बाइकवाले तिशी गाठतात. चांदणी चौकातून पौड रोडनं कोथरूडकडे उतरताना तर पेडल न मारताही पस्तीस-चाळीस सहज होतात. त्यात भर ई-सायकलींची. आपल्याकडे २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या ई-सायकलीला ना नंबर प्लेट लागते, ना लायसन्स. कायद्याच्या लेखी ते ‘मोटर वाहन’च नाही. डिलिव्हरीची पोरं दिवसभर त्यावरच असतात.

म्हणजे आउटलाइन तीच : दोन चाकं, एक माणूस. वेग मात्र बारापासून चाळीसपर्यंत काहीही. कार किंवा बस बघून वेगाचा साधारण अंदाज लागतो, कारण त्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या साधारण एका वेगानं चाललेल्या असतात. सायकलीचं तसं नाही. तरी आपण प्रत्येक सायकलीला मनातल्या मनात तोच जुना दूधवाल्याचा वेग चिकटवून टाकतो.

एकदा रिक्षातून जाताना रिक्षावाले काकांनी एका सायकलवाल्यासमोरून अशी काही रिक्षा घातली, की मी सीटच घट्ट धरली. म्हटलं, ‘‘काका, तो केवढ्या जोरात येत होता!’’ काका आरशातून बघत शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, सायकलला कसला आलाय जोर?’’ हा एका वाक्यातला अख्खा प्रॉब्लेम आहे.

डोळ्यातला स्पीडोमीटर

तुम्ही म्हणाल, वेग तर डोळ्यांना दिसतोच की! अंदाज कशाला लावायचा? इथंच खरी गंमत आहे. समोरून सरळ आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्यांना थेट दिसत नाही. डावीकडून उजवीकडे जाणारी वस्तू कशी पटकन कळते, कारण ती मागची दुकानं, झाडं, खांब ओलांडत जाते. सरळ अंगावर येणारी वस्तू जागेवरच राहते आणि फक्त मोठी मोठी होत जाते. ती किती भराभर मोठी होते, हाच आपल्या डोळ्यातला स्पीडोमीटर.

एडिंबरा विद्यापीठातल्या डेव्हिड ली यांनी १९७६ साली हे गणित मांडलं. त्याचा फंडा एकदम सोपा आहे. एखाद्या वस्तूची डोळ्यातली प्रतिमा एका सेकंदात दहा टक्क्यांनी वाढली, तर ती साधारण दहा सेकंदांवर आहे. वीस टक्क्यांनी वाढली, तर पाच सेकंदांवर. वेग माहीत असायची गरज नाही, अंतर माहीत असायची गरज नाही. टक्कर किती सेकंदांवर आहे, याचं उत्तर डोळ्यातच तयार!

आणि एक धमाल गोष्ट. हीच आयडिया त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी एका विज्ञान कादंबरीत येऊन गेली होती. फ्रेड हॉइल या खगोलशास्त्रज्ञाच्या १९५७च्या ‘द ब्लॅक क्लाउड’मध्ये सूर्यमालेकडे एक प्रचंड ढग येत असतो. तो कधी येऊन पोचणार, हे त्यातले शास्त्रज्ञ तो आकाशात किती भराभर मोठा दिसतोय यावरून काढतात. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू! थोडक्यात, कर्वे रोडवर गाडी काढताना तुमचा मेंदू जे गणित करत असतो, ते पुण्याला अगदीच परकं नाही.

मग घोडं अडतं कुठं? वस्तू मोठी होतेय, हे जाणवायला ती किमान एका दरानं मोठी व्हावी लागते. हा दर सेकंदाला अंशाच्या साधारण सहाव्या भागाइतका धरतात. त्याहून कमी असेल, तर वस्तू डोळ्यांना जागच्या जागी उभी असल्यासारखीच वाटते. आता करा हिशोब. कारची रुंदी धरा पावणेदोन-एक मीटर आणि सायकलवाल्याच्या खांद्यांची अर्धा मीटर. दोघंही ताशी २५ किलोमीटरनं आपल्याकडे येतायत. नुसत्या रुंदीचा ढोबळ हिशोब केला, तर कार सुमारे ६५ मीटरवर असतानाच मोठी होताना जाणवायला लागते. सायकल मात्र ३४-३५ मीटरवर आल्याशिवाय नाही. वेळेत सांगायचं, तर कारच्या बाबतीत हातात नऊ सेकंद असतात, सायकलच्या बाबतीत जेमतेम पाच. उंचीमुळे सायकलवाल्याला थोडी मदत होते, पण मूळ फरक राहतोच. बारीक वस्तू उशिरा ‘सुरू’ होते.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००५ साली मार्क हॉर्सविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समोरून येणाऱ्या कार आणि मोटरसायकलींबाबत लोकांचे अंदाज तपासले. एकाच वेगानं, एकाच अंतरावरून येत असूनही मोटरसायकल कारपेक्षा उशिरा पोचेल, असं लोकांना वाटलं. लहान दिसते, म्हणजे लांब आहे, म्हणजे वेळ आहे, असा मेंदूचा हिशोब. मग सायकल तर मोटरसायकलपेक्षाही बारीक!

प्रयोग जर्मनीतला, गोष्ट आपली

या विषयावरचं भारी काम झालंय जर्मनीतल्या केम्निट्झ शहराच्या तंत्रविद्यापीठात. तिकडे ई-सायकलींची लाट आली आणि संशोधकांना प्रश्न पडला, की लोकांना त्यांचा वेग कळतो का? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी तरुण आणि ज्येष्ठ अशा दोन गटांना समोरून येणाऱ्या सायकलींचे व्हिडिओ दाखवले. वेग ताशी १५ ते २५ किलोमीटर. मध्येच व्हिडिओ थांबवायचा आणि विचारायचं, ‘‘ही आता इथवर कधी पोचेल?’’ निकाल ऐका. सायकल जितकी वेगात, तितका लोकांचा अंदाज लांबलेला. म्हणजे जिच्यापासून खरा धोका आहे, तिलाच ‘अजून वेळ आहे’चं सर्टिफिकेट!

२०१७ साली याच मंडळींचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना टेस्ट ट्रॅकवर उभ्या गाडीत बसवलं आणि समोरून खऱ्या सायकली आणल्या. ‘हिच्या पुढून गाडी काढता येईल’ असं कुठपर्यंत वाटतं, ते लोकांनी सांगायचं. इथंही तेच. सायकलीचा वेग वाढला, तशी लोकांनी कमी सेकंदांची गॅप चालवून घेतली. त्याहून कहर म्हणजे, साधी सायकल आणि ई-सायकल एकाच वेगानं आणल्या, तर ई-सायकलीसमोर लोक आणखी कमी गॅपमध्ये घुसायला तयार झाले.

असं का होतं? कारण आपण सेकंद मोजत नाही, मीटर मोजतो. ‘त्या झाडापाशी आहे ना, मग निघेल गाडी,’ असा आपला हिशोब असतो. आता बघा. ते झाड ३० मीटरवर आहे असं धरू. १५च्या वेगानं येणारे काका तिथून तुमच्यापर्यंत यायला ७ सेकंद घेतात. गाडी आरामात निघते. २५नं येणारा हायब्रिडवाला सव्वाचार सेकंदांत पोचतो. उतारावरून ३५नं येणारा फक्त ३ सेकंदांत. झाड तेच, अंतर तेच, वेळ निम्म्याहून कमी!

माझ्या मते आपल्याला फसवणारी आणखी एक गोष्ट आहे : पाय. साध्या सायकलीवर पेडलचा एक फेरा मारला, की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढं जाते. मिनिटाला साठ फेरे मारले, की ताशी जवळपास २० किलोमीटर. गिअरवाली सायकल वरच्या गिअरमध्ये एका फेऱ्यात साडेसात मीटर जाते. तेवढेच साठ फेरे, पण वेग २७! बघणाऱ्याला मात्र दोघांचेही पाय सारख्याच निवांत फिरताना दिसतात. उतारावरच्या किंवा थ्रॉटलच्या ई-सायकलवाल्याचे तर पाय हलतच नाहीत. घाम नाही, धाप नाही, पेडल नाही. बघणाऱ्याला वाटतं, आरामात चाललाय!

बघितलं, पण दिसलं नाही

वेगाचा अंदाज चुकायलाही आधी सायकल दिसावी लागते. फिनलंडमधल्या रासानेन आणि सुमाला या संशोधकांनी १९९८ साली चार शहरांतल्या १८८ कार-सायकल अपघातांचा बारकाईनं अभ्यास मांडला. सायकल क्रॉसिंगवर सर्रास घडणारा प्रकार असा : ड्रायव्हर उजवीकडे वळतोय आणि सायकल त्याच्या उजवीकडूनच ट्रॅकवरून येतेय. तिकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याचं सगळं लक्ष डावीकडून येणाऱ्या गाड्यांकडे. अशा अपघातांत फक्त ११ टक्के ड्रायव्हरांना धडकेआधी सायकल दिसली होती. उलट ६८ टक्के सायकलवाल्यांना गाडी दिसली होती. आणि ज्यांना दिसली, त्यांच्यातल्या ९२ टक्के जणांना खात्री होती, की ड्रायव्हर नियमाप्रमाणे आपल्याला जाऊ देईल.

हा शेवटचा आकडा मला जाम अस्वस्थ करतो. सायकलवाला गाडी बघतो आणि धरून चालतो, की तिनंही आपल्याला बघितलंय. गाडीवाल्याच्या जगात मात्र सायकल नसतेच.

आता हे चित्र आरशात उलटं करा, की झालं आपलं पुणं. इथं गल्लीतून डावीकडे वळणारा फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. आणि डावीकडून, राँग साइडनं, ‘एवढंसं तर जायचंय’ म्हणून एक सायकल आलेली असते. तिचा वेग कितीही कमी असो, तिच्यासाठी कुणी मान वळवलेलीच नसते.

त्यात भर म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेच्या बाजूचा खांब. कार लांब असली, तर त्याच्यामागे अर्धीच लपते, सायकल पूर्ण लपते. आणि दोघांचे वेग असे जुळून आले, की टक्कर अटळ आहे, तर सायकल ड्रायव्हरला सतत एकाच दिशेला असते. म्हणजे खांबामागे लपली, तर ती शेवटपर्यंत खांबामागेच राहू शकते!

पुण्याचे तीन डेंजर स्पॉट

कुठल्याही रस्त्यावर जा, सायकलीच्या वेगाचा अंदाज चुकतो तो मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिला, गेट आणि गल्ली. सुरुवातीलाच सांगितलेला प्रकार. गाडीचं नाक आधी बाहेर येतं, ड्रायव्हरचे डोळे नंतर. पार्क केलेल्या गाड्यांमुळे दिसायचंच उशिरा. त्यात सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला, नेमकी त्या नाकाच्या रेषेत.

दुसरा, डावं वळण. गाडी सायकलीला ओव्हरटेक करते आणि लगेच तिच्यासमोरून डावीकडे वळते. ड्रायव्हरच्या हिशेबी सायकल मागे पडली, म्हणजे विषय संपला. पण वळायला त्यानं गाडी स्लो केलेली असते आणि सायकल आपली २०नं येतच असते. २०च्या वेगानं तीन सेकंदांत सोळा-सतरा मीटर, म्हणजे चार गाड्यांएवढं अंतर कापलं जातं. मागे पडलेली सायकल बरोबर तुमच्या डाव्या दाराशी हजर! एका पावसाळी सकाळी माझ्या पुढ्यात एक गाडी अशीच वळली. मी फुटपाथला पाय टेकवून थांबले. काच खाली झाली आणि आतली बाई अगदी मनापासून म्हणाली, ‘‘अगं, तू तर मागे होतीस ना?’’ खरंच होते. तीन सेकंदांपूर्वी.

तिसरा, उजवं वळण. समोरच्या ट्रॅफिकमधून गॅप शोधून उजवीकडे वळायचं असतं. सगळी नजर बस आणि ट्रकवर. मोठी गाडी गेली, की तिच्या मागची मोकळी जागा दिसते आणि आपण ती घेतो. त्या मोकळ्या जागेत सायकल असते. सरळ आपल्याच दिशेनं येणारी, म्हणजे वेग कळायला सगळ्यात अवघड.

सायकलवाल्यानं ब्रेक मारावा की, असंही काही जण म्हणतात. मारतोच तो! पण १५नं जाणाऱ्याला विचार करायच्या एका सेकंदासकट थांबायला साधारण सहा मीटर लागतात, २५नं जाणाऱ्याला बारा. वेग दीडपटीहून थोडा जास्त, थांबायचं अंतर दुप्पट. हा कोरड्या रस्त्याचा हिशोब. जुलैतल्या ओल्या रस्त्याचं तर बोलायलाच नको.

स्टिअरिंगमागे असाल तर...

एकदा नाही, दोनदा बघा. पहिली नजर सांगते ‘सायकल आहे’. एक-दीड सेकंदानं टाकलेली दुसरी नजर सांगते, ती दरम्यान किती पुढं आली. दोन विजेचे खांब ओलांडले? मग ती दूधवाल्याच्या वेगात नाही.

‘किती लांब’ऐवजी ‘किती सेकंद’ विचारा. मनात पाच आकडे म्हणून होईपर्यंत ती पोचणार असेल, तर थांबा.

पुढच्या गल्लीत डावीकडे वळायचंय? मग सायकलीला ओव्हरटेक करूच नका. तिच्या मागे राहा, तिला जाऊ द्या, मग वळा. खर्च : चार सेकंद.

वळण्याआधी मान थोडी पुढं-मागं करा, म्हणजे खांबामागचं दिसेल.

गाडीतून उतरताना ड्रायव्हरचं दार डाव्या हातानं उघडा. त्यासाठी अंग वळतं आणि मागून येणारी सायकल आपोआप दिसते. नेदरलँड्सच्या नावानं ओळखली जाणारी ही सवय ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२पासून आलीय.

पेडलवर असाल तर...

गेट, गल्ली आणि उतार दिसला, की बोटं ब्रेकवर. तुमचा वेग समोरच्याला कळलेला नाही, हेच धरून चाला. नजरानजर झाली म्हणजे वेग कळला, असं नाही.

पार्क केलेल्या गाड्यांना अगदी चिकटून जाऊ नका. दारांपासून लांब राहाल आणि गेटमधल्या ड्रायव्हरला लवकर दिसाल.

रात्री नुसत्या जाकिटावर विसंबू नका. ऑस्ट्रेलियातल्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बंद ट्रॅकवर रात्री ड्रायव्हरांनी सायकलवाला किती वेळा ओळखला, ते मोजलं. काळे कपडे : २ टक्के. फ्लुरोसंट जाकीट : १५ टक्के. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट : ५० टक्के. त्याच जाकिटासोबत घोट्यांना आणि गुडघ्यांना चमकपट्ट्या : तब्बल ९० टक्के! कारण वरखाली होणारे पाय बघितले, की मेंदू झटकन ओळखतो, ‘अरे, माणूस आहे!’ आणि चमकपट्ट्यांना कितीसे पैसे पडतात?

राँग साइड : नाही म्हणजे नाही. तिकडे कुणी बघतच नाहीये.

रविवारी सकाळी करून बघा

हे सगळं खोटं वाटतंय? मग एक छोटा प्रयोग करा. रहदारी नसलेला एक सरळ, मोकळा रस्ता शोधा. मोठ्या कॅम्पसचा किंवा सोसायटीच्या आतला चालेल. एका मित्राला सायकल द्या, फोनवर वेग दाखवणारं अॅप लावून. तुम्ही रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर उभे राहा. तो एकदा १२नं येईल, एकदा २५नं, पण आधी सांगणार नाही कुठल्या वेगानं. तो साधारण तीस पावलांवर आला, की डोळे मिटा आणि तो तुमच्यासमोरून जाईल असं वाटेल त्या क्षणी टाळी वाजवा. बाकीच्यांनी बघायचं, टाळी आधी वाजली की सायकल आधी गेली. मिसळ कोण देणार, याची पैज लावायला एकदम सही गेम!

सगळा भार डोळ्यांवर का?

तरीही एक गोष्ट मनात येतेच. माणसाच्या डोळ्यांची मर्यादा एवढी पक्की ठाऊक असताना नुसतं ‘नीट बघा’ म्हणणं पुरेसं आहे का? डोळे बदलता येत नाहीत, रस्ते येतात.

गाड्यांचा वेग कमी असला, की दुसरी नजर टाकायला वेळ मिळतो. म्हणून २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथं गाड्या आणि चालणारे-सायकलवाले एकत्र येतात, तिथं ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ठेवायला सांगितलंय. पॅरिसनं २०२१मध्ये बहुतेक रस्त्यांवर ती लावलीसुद्धा. वळणावर कोपरे टोकदार केले, की गाडीला हळूच वळावं लागतं. सायकल ट्रॅक गल्ली ओलांडताना फुटपाथच्या उंचीवर नेला, की गाडीवाल्याला तो चढून जावा लागतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. कोपऱ्यापासून काही मीटर पार्किंग बंद केलं, की सायकल आधी दिसते. यातलं काहीच रॉकेट सायन्स नाही.

पुणे महापालिकेनं २०१७च्या डिसेंबरमध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास अॅपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या, गल्लोगल्ली दिसल्या आणि थोड्याच काळात गायबही झाल्या. जंगली महाराज रोडवर रुंद फुटपाथ आणि सायकल ट्रॅक झाला. पण पुष्कळ ठिकाणी ट्रॅक नेमका तिथंच संपतो, जिथं त्याची सगळ्यात जास्त गरज असते : गल्लीच्या तोंडाशी आणि चौकात. मधल्या सरळ रस्त्यावर वेगाचा अंदाज फारसा लावावाच लागत नाही. तो लावावा लागतो वळणावर, आणि तिथं ड्रायव्हर आणि सायकलवाला दोघांनाही आपापल्या नशिबावर सोडलेलं असतं.

आणि एक आशेची गोष्ट. पीटर जेकबसेन या अभ्यासकानं २००३ साली वेगवेगळ्या देशांची, शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं, की रस्त्यावर चालणारे आणि सायकलवाले जितके जास्त, तितका त्यांच्यातल्या प्रत्येकाचा धोका कमी. संख्या दुप्पट झाली, तर एकेकाचा धोका साधारण एक तृतीयांशानं घटतो. त्याच्या मते लोक सायकलवाले अचानक जपून चालवू लागतात म्हणून नाही, तर गाडीवाले बदलतात म्हणून. रोज वीस सायकली दिसल्या, की डोळे त्यांना शोधायला लागतात. मला वाटतं, त्यातल्या पाच वेगात गेल्या, की डोक्यातला दूधवाल्याचा वेगही हळूहळू अपडेट होईल.

म्हणजे आज तुम्ही ऑफिसला सायकल काढलीत, तर ती फक्त तुमच्या फिटनेससाठी नाही. उद्या गेटमधून गाडी काढणाऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांना ते ट्रेनिंग आहे. आणि आज गाडीच काढणार असाल, तरी हरकत नाही. शेजारून ‘‘सायकलच आहे, काढ गाडी!’’ असं फर्मान आलं, की फक्त पाच आकडे मोजा. एक, दोन, तीन, चार... आणि बघा ती कुठं पोचलीय. मीटिंग पाच सेकंद उशिरा सुरू झाली, म्हणून कुणाचं अप्रेझल अडकल्याचं अजून तरी ऐकलेलं नाही!